किल्ल्यांचा मिस्त्री आणि माझं भाषण

तमाम संबंधितांना गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, वडवणीजवळच्या आमच्या गावी, मारुतीच्या पारावर, मी आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण केलं आणि त्यानंतर भाषणं कायमची सोडली. संबंधितांनी सुटकेचा श्वास सोडायला हरकत नाही.

आमच्या गल्लीतली निम्मी घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. जाताना घराची किल्ली सायकलवाल्या मिस्त्रीकडे देतात. त्या सगळ्या तो चाकाच्या जुन्या रिंगवर टांगतो. कोणती कोणाची हे कळावं म्हणून प्रत्येकीला त्या त्या घरच्या लुगड्याची चिंधी. शुक्रवारी नमाजानंतर एकेक दार उघडायचं, वाळवी बघायची, ज्वारीच्या कणगीत हात घालायचा, पुन्हा कुलूप. अशी वीस वर्षं.

त्या दिवसांत मी एक कादंबरी वाचत होतो. तिच्यात धर्मशाळेचा एक म्हातारा रखवालदार होता. प्रवासी विसरून गेलेल्या छत्र्या, वहाणा जपून ठेवायचा, कुणाला नाही म्हणायचा नाही. हा तर आपला मिस्त्रीच, असं माझ्या मनात आलं.

निघायच्या सकाळी पारावर सगळे जमले. ट्रॅक्टर भरून उभे. मिस्त्री उठला, घसा खाकरून म्हणाला, "मला जरा बोलायचं हाय."

बिचारा अडखळेल, असं मला वाटलं. शिवाय समोर एवढी माणसं, आणि मी गप्प? "तू बस, मी बोलतो," म्हणत त्याला खाली बसवलं. रखवालदाराची अख्खी गोष्ट सांगितली, त्याच्यासारखा वाकून चाललो, खोकलोसुद्धा. शेवटी मिस्त्रीकडे हात केला, "तो पुस्तकात हाय, हा आपल्यात हाय." टाळ्या पडल्या. वरच्या गल्लीतल्या तिघांनी तिथंच आपल्याही किल्ल्या काढून दिल्या.

"काय बोलणार होतास रे?" मी मागाहून विचारलं.

"काई न्हाई, गुरुजी. तुमी लई चांगलं बोललात."

तो किल्ल्या परत करणार होता, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. संभाजीनगरला दिलेल्या त्याच्या लेकीला दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मिस्त्री आणि त्याची बायको दोघंही बाळंतपण होईपर्यंत तिकडे राहणार होते. बायको एकटीच गेली. मी धावत दुकानावर गेलो. "किल्ल्या माझ्याकडे दे आणि तू नीघ."

त्यानं पंक्चरवरून मान वर केली नाही. "माणसं माझ्या भरवशावर गेलीत, गुरुजी. तुमीच सांगितलं ना पारावर."

लेक रोज फोनवर विचारायची, अब्बा कधी येणार. बाळ झालं, सुखरूप झालं. मिस्त्रीनं ते मोबाइलवर पाहिलं, ग्रीसचे हात शर्टाला पुसून.

ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या, तशी त्याची बायकोही आली. मी पेढे घेऊन गेलो. अवघडलो की मी बोलत सुटतो, तसाच सुटलो, "भाभी, त्या पुस्तकातला रखवालदारसुद्धा आपल्या मिस्त्रीपुढे..."

तिनं पेढ्यांचा पुडा न उघडता बाजूला ठेवला.

"गुरुजी, त्या माणसाला लेक नव्हती का?"