झाकणाआडचा फासा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्यापुढं प्रबंध वाचला त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ द्या, कारण शोधत बसलो तर आजही राहून जाईल.

आधी खेळ सांगतो, नाहीतर तुम्हाला काहीच कळायचं नाही. पुण्याला शिकायला गेल्तो, तिथं होस्टेलातल्या एका सीनियरनं शिकवला. चार माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण सांगणारा. तो जग उभं करतो — इथं नदी आहे, पलीकडं दिवा दिसतोय, बोला, काय करता? बाकीचे एकेक पात्र होतात आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतात. पुढं काय होईल याचा भरवसा नसेल तिथं फासा टाकायचा. फासा पडला की वाद नाही. सांगणाऱ्याचा फासा मात्र आडोशाला पडतो, त्याला एकट्यालाच दिसतो. एवढं ध्यानात ठेवा.

मला वेडच लागलं त्याचं. एम.फिल.ला तोच विषय घेतला — माणूस पात्रात किती शिरतो? आणि अभ्यासाला माणसं कुठली? आपल्या गावची! उन्हाळ्याच्या सुट्टीत वाटूरला आलो आणि फाट्यावर बबन टेलरच्या दुकानात डाव मांडला. दुपारी लाईट नसायची, मशीन बंद, बबन मोकळाच. तो दर वेळी राजा व्हायचा, लगेच मरायचा आणि मंग रुसून बसायचा. त्याचा मेहुणा यायचा. आणि सोपान यायचा.

सोपान माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या घरी पूर्वी मेंढरं होती. आता त्याचं फाट्यावरच पंक्चरचं दुकान. खेळात तो भिवा नावाचा वाटाड्या झाला, आणि काय झाला म्हणता! फासा टाकायच्या आधी कपाळाला लावायचा. “देवाचा कौल आन् फाशाचा कौल, दोन्ही बराबर,” म्हणायचा. मी हसायचो आणि चांगलं निरीक्षण म्हणून टिपून ठेवायचो.

पण प्रबंधाचे मार्गदर्शक सर खूश नव्हते. म्हणाले, हे नुसतं हसणं-खिदळणं आहे, माणूस पात्रात विरघळतो म्हणता तो क्षण कुठंय? दाखवतो, म्हटलं. कसा दाखवणार होतो? — खोटं कशाला बोलू, मला ठाऊक होतं.

सोपानला धाकटा भाऊ होता, नामा. लहानपणीच विहिरीत बुडून गेला. सोपान तेव्हा मेंढरांमागं लांब माळावर होता, असंच त्याच्या घरी सगळे धरून चालत. खरं काय ते मला माहीत होतं, सोपाननंच एकदा रडत सांगितल्तं. तो जवळच लिंबाखाली गोट्या खेळत होता. नामानं “दादा” म्हणून हाक मारली. उगाच हाका मारून पळवायची खोडच होती त्या पोराला. सोपान उठला न्हाई.

तर पुढच्या डावात मी एक नदी आणली. पलीकडं मेलेली माणसं. काठावर उभं राहून एकाला हाक मारायची आणि मी फासा टाकणार — मोठा आकडा पडला तर ते माणूस निवांत आहे, लहान पडला तर त्याची तक्रार आहे. नियम माझाच. कुणासाठी केला, ते तुम्हाला कळलंच असेल.

बबननं आज्याला हाक मारली. आज्यानं तंबाखू मागितली, सगळे हसले. मंग सोपान उभा राहिला. भिवाचा आवाज नव्हता तो, त्याचा स्वतःचा होता.

“नामा,” म्हणाला, “राग धरलास का रं माझ्यावर?”

मी शर्टाच्या खोक्याचं झाकण आडोशाला उभं केलं होतं. त्याच्यामागं फासा टाकला. सहा पडला.

सहा! त्याहून मोठा आकडाच नाही फाशावर. नियमानं मला एवढंच म्हणायचं होतं — न्हाई दादा, मी निवांत हाय. मी फासा मुठीत उचलला आणि म्हणालो, “एक.” आणि लहान पोराचा आवाज काढून — हो, आवाजसुद्धा काढला मी — म्हणालो, “हाक ऐकून का न्हाई आलास, दादा?”

का केलं? सोपानवर माझा कसला राग? मला तो क्षण पाहिजे होता. आणि खरं सांगू? मजा वाटली. एक माणूस माझ्या तोंडाकडं असा बघत उभा आहे, याची मजा वाटली.

सोपान रडला नाही. “बराबर हाय,” म्हणाला आणि चपला घालून निघाला. थेट घरी गेला, आईपुढं बसला आणि सगळं सांगून टाकलं. त्या दिवसापासून त्याच्या आईनं त्याच्याशी बोलणं टाकलं. एकाच घरात राहून. भाकरसुद्धा सुनेच्या हातून वाढायची.

माझा प्रबंध वाखाणला गेला. त्या दुपारचं प्रकरण सगळ्यात जिवंत उतरलंय, असं सर म्हणाले. जिवंत — अरे देवा! त्याच जोरावर जालन्याला नोकरी लागली.

तो आवाज मात्र गेला नाही. पोरगी गोष्ट सांग म्हणते. गोष्टीत लहान मूल आलं की मी त्याच्या तोंडी काही घालत नाही. घालायला गेलो की तोच येतो.

मागच्या वर्षी सोपानची आई गेली. शेवटपर्यंत बोलली नाही त्याच्याशी. तेराव्याला मी जालन्याहून गेल्तो. सोपाननं मला बाजूला घेतलं.

“एक इचारू? आईला सांगावं का न्हाई, लई दिस मनात व्हतं. फाशानं कौल देला म्हणून सांगितलं, न्हाईतर तिला कशाला दुखवलं असतं? — एकच पडल्ता ना रं?”

सांगता आलं असतं. आई गेली होती, प्रबंध जुना झाला होता, माझं काय जाणार होतं?

“हो,” म्हणालो. “एकच पडल्ता.”

“मंग बराबर केलं मी,” सोपान म्हणाला. हाताला धरून त्यानं मला पंगतीत नेऊन बसवलं आणि स्वतः वाढलं. मी जेवलो.