व्हर्ना स्टुकी आणि शिळी बातमी

लिरिक थिएटरच्या तिकीटखिडकीत व्हर्ना स्टुकी बसायची तेव्हा तिच्या पायांत बूट नसायचे. बाहेरून ते कोणाला कळत नसे. काचेमागे तिचा रुंद चेहरा, पिकल्या केसांचा घट्ट अंबाडा आणि वाफेने सुरकुतलेली बोटं एवढंच दिसे. खाली तिचे सुजलेले पाय एका उलट्या खोक्यावर टेकलेले असत. दिवसभर डबाबंदीच्या कारखान्यात फौजेसाठी शिजणाऱ्या घेवड्याच्या डब्यांसमोर उभं राहायचं आणि संध्याकाळी येऊन खिडकीत बसायचं, असा तिचा क्रम. "बसायचे पैसे घेणारी गावात मी एकटीच," असं ती म्हणे.

मी तेव्हा पेल्स बेंड गावच्या धान्यकोठारावर हिशेबनीस होतो. संध्याकाळी लिरिकचा मालक क्लाइड ओबरहोल्ट याच्या तिकिटांवरच्या युद्धकराचे कागदही भरून देत असे. शिवाय माझं घर व्हर्नाच्या आणि लेनोरा हॅबेगरच्या घरांच्या मधोमध. त्यामुळे पुढे जे घडलं ते बहुतेक माझ्या डोळ्यांसमोरच घडलं.

व्हर्नाचा नवरा हार्लन रेल्वेत होता. युद्धाच्या आधीच न्यूमोनियाने गेला. एकुलती मुलगी डेट्रॉइटला विमानांच्या कारखान्यात होती आणि गाड्या सैनिकांनी भरलेल्या असल्यामुळे नाताळालाही येऊ शकली नव्हती. मुलगा नव्हता. म्हणून आमच्या रस्त्यावर ज्या थोड्या खिडक्यांत निळ्या ताऱ्याचा झेंडा नव्हता, त्यांत व्हर्नाची खिडकी होती. ज्या घरचा मुलगा फौजेत, त्या घराच्या खिडकीत निळा तारा. मुलगा गेला की त्यावर सोनेरी तारा शिवायचा.

चव्वेचाळीस सालचा मार्च महिना होता. युद्ध सुरू झालं तेव्हा भंगार गोळा करायलासुद्धा गावचा बँड वाजत गेला होता. आता बँडमधली निम्मी मुलं समुद्रापलीकडे होती आणि उरलेल्यांना वाजवायचा कंटाळा आला होता. लोण्याला रेशनचे इतके गुण लागत की बायका पांढऱ्या मार्गारिनमध्ये पिवळी पूड कालवत आणि त्याला लोणी म्हणायचं नाटकही आता करत नसत. तळणीतली उरलेली चरबी डब्यात साठवून खाटकाकडे नेऊन द्यायची, कारण तिच्यापासून दारूगोळा होतो असं सांगितलं होतं. बुटांचं कूपन संपलं की जुन्या बुटांत पुठ्ठा घालायचा. त्यातच नुकत्याच रेशनच्या नाण्यांसारख्या लाल-निळ्या टिकल्या निघाल्या होत्या. खाटीक आणि वाणी उरलेले गुण म्हणून त्या परत द्यायचे, आणि त्या सगळ्यांच्या खिशात नाण्यांत मिसळून जायच्या.

"अहो मिस्टर ग्रूब, ही टिकली खाटकाकडे चालते," व्हर्ना खिडकीतून परत सरकवत म्हणे. "इथे नाणं लागतं."

"मग एखादं मटणाचं चित्र लाव ना, बाई," म्हातारा ग्रूब म्हणे. "पाहायला मिळालं तरी पुष्कळ झालं."

"तिसऱ्या रांगेत बसा. तिथे वास येतो. खाली उंदीर मेलाय."

लोक हसत आत जात. चित्रपट कोणता आहे हे बरेच जण विचारतच नसत. आत ऊब असे, दोन तास अंधारात कोणी काही मागत नसे, आणि मुख्य चित्रपटाआधी बातम्यांचं रीळ दाखवत. त्या रिळासाठीच पुष्कळ जण येत. पडद्यावर चिखलातून चालणारी पलटण दिसली की सगळ्या माना एकदम पुढे होत.

लेनोरा हॅबेगरही त्यासाठीच येई. तिचा एल्डन इटलीत होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिला तार आली होती की जानेवारीच्या अखेरीपासून एल्डन बेपत्ता आहे. 'मेला' असं तारेत नव्हतं, म्हणून खिडकीतला तारा निळाच राहिला. लेनोरा मुळात ताठ, कोरडी बाई. लाँड्रीत इस्त्री करायची. ती तारेबद्दल कोणाशी बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

त्या महिन्यातल्या एका गुरुवारी रीळ सुरू झालं. इटलीतला डोंगर, पाऊस, गुडघाभर चिखल, जेवणासाठी लागलेली रांग. रांगेतला एक पोरगा पावाचा लचका तोडतो, कॅमेरा दिसताच वळतो आणि भरल्या तोंडाने हसतो.

"एल्डन!" लेनोरा उभी राहून ओरडली. "अरे, हा माझा एल्डन! पाहा, पाहा, जेवतोय तो!"

पोरगा गेला, दुसरीच काही जहाजं आली. पण सगळं थिएटर उठून उभं राहिलं होतं. सगळ्यांनी त्याला ओळखलं होतं. वर्षानुवर्षं सायकलवरून दूध टाकणारा, डावा कान किंचित बाहेर आलेला पोरगा. "पुन्हा लावा! ए टीग, पुन्हा लाव!" असा गलका झाला. प्रोजेक्टरवाल्या रूफस टीगने चित्रपट संपल्यावर ते रीळ पुन्हा लावलं आणि एकही माणूस तोवर उठला नाही.

तारीख कोणाच्या मनातही आली नाही, आणि त्यात कोणाचा मूर्खपणा नव्हता. इटलीतली आघाडी सबंध हिवाळाभर त्याच डोंगरापाशी अडकली होती. सकाळी रेडिओवर जो चिखल ऐकायचा, वर्तमानपत्रात जो चिखल वाचायचा, तोच रात्री पडद्यावर. रीळ या आठवड्याचं आहे असंच सगळे धरून चालले. एल्डन सापडला होता. फौजेचे कागद मागे राहिले होते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लेनोराच्या मागच्या दाराशी बायका साखर घेऊन येऊ लागल्या. एल्डन आला की त्याच्यासाठी तीन थरांचा केक करायचा, असं तिने म्हणे मुलगा लढायला गेला त्या दिवशीच ठरवलं होतं. आता ती थांबायला तयार नव्हती. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चमध्ये उभं राहून ती देवाचे आभार मानणार होती, ती तार सगळ्यांसमोर शेगडीत टाकणार होती, आणि केक सगळ्या गावाला वाटणार होती. त्या दिवसांत साखर देणं म्हणजे चेष्टा नव्हती. तरीही कोणी वाटीभर आणली, कोणी अर्धी.

शुक्रवारी संध्याकाळी मी ओबरहोल्टच्या खोलीत कराचे कागद घेऊन बसलो होतो. व्हर्ना आत आली. बूट हातात होते.

"मिस्टर ओबरहोल्ट, तुम्ही लेनोराला सांगा."

"काय सांगू?"

"काय ते तुम्हाला माहीत आहे. ते रीळ डिसेंबरचं आहे."

ओबरहोल्टने दार लोटून घेतलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. बातम्यांचं रीळ ताजं असताना महाग असतं आणि आठवड्यागणिक त्याचं भाडं उतरतं. आमच्यासारख्या गावांत ते शेवटी येतं. ओबरहोल्ट त्यातलंही सर्वांत स्वस्त घ्यायचा. बसच्या थांब्यावरून डबे आणायचं काम व्हर्नाचं, आणि डब्यावर तारखेची पट्टी असते. टीग रिळाच्या सुरुवातीचा तारखेचा तुकडा लावत नसे, कारण ओबरहोल्टने त्याला तसं सांगितलेलं होतं.

"एल्डन बेपत्ता झाला जानेवारीत," व्हर्ना म्हणाली. "तो पाव त्याने त्याच्या आधी खाल्लाय."

"अगं, मी काही खोटं बोललोय का? 'ताजं' असं मी कुठे लिहिलंय? आणि समजा सांगितलं. उद्यापासून लिरिकमध्ये कोण येईल? शिळ्या बातम्या कोण पाहील? एक तारखेपासून करही वाढतोय. विचार यांना."

त्याने माझ्याकडे हात केला. कर खरंच वाढणार होता. मी तेवढ्याला मान हलवली.

"करू दे ना तिला चार दिवस आनंद," ओबरहोल्ट म्हणाला. आवाज खाली आला होता. तो वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. त्याचाही पुतण्या प्रशांत महासागरात होता. "तुला एवढी घाई काय आहे?"

"रविवारी ती सगळ्यांसमोर उभी राहणार आहे. मग दुसरी तार आली, तर ती कुठे तोंड लपवील?"

"मग तू सांग. तुला नोकरी जड झाली असेल तर सांग."

"जड तर झालीच आहे," व्हर्ना म्हणाली आणि खिडकीत जाऊन बसली. बाहेर रांग लागली होती.

शनिवारी दुपारी मी माझी वाटीभर साखर घेऊन निघालो. खरं ऐकल्यावर साखर न्यावी की न न्यावी हे मला ठरवता येत नव्हतं. पण न नेली तर तिला लागलं असतं. लेनोराच्या स्वयंपाकघराच्या दाराशी पोचलो तर व्हर्ना आधीच आत उभी होती, कारखान्यातल्या टोपीसकट. टेबलावर वाट्या, कप, कागदाच्या पुड्या मांडलेल्या होत्या आणि लेनोरा पीठ चाळत होती.

"बस ना गं. उभी का?" लेनोरा म्हणाली. इतक्या मोकळेपणाने बोलताना मी तिला पूर्वी पाहिलं नव्हतं.

"बसले तर बोलवणार नाही माझ्याच्याने. लेनोरा, ते रीळ जुनं आहे. डिसेंबरचं. डब्यावर तारीख असते. मी स्वतः आणते तो डबा."

चाळणी थांबली.

"असेल. मग?"

"तार जानेवारीची आहे."

लेनोराने हातावरचं पीठ हळूहळू झटकलं. मग म्हणाली, "तुझ्या खिडकीत तारा नाही, व्हर्ना. दुसऱ्याच्या ताऱ्याचा हिशेब तू कशाला करतेस?"

लेनोराने चाळणी पुन्हा उचलली.

"तो जाड झालाय, मी पाहिलं. गाल भरलेत. बेपत्ता माणूस असा हसतो का?"

"नाही हसत," व्हर्ना म्हणाली. "तेव्हा तो बेपत्ता नव्हता."

"जा तू."

"जाते. उद्या चर्चमध्ये काही बोलू नकोस, एवढंच सांगायला आले होते. तो जिवंत नाही असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही. ते कोणालाच माहीत नाही."

"जा म्हटलं ना!"

व्हर्ना माझ्या बाजूने बाहेर पडली. पायऱ्या उतरताना तिने कठड्याला धरलं होतं. माझ्या हातात वाटी तशीच होती. लेनोराने माझ्याकडे पाहिलं. "ठेवा टेबलावर," ती म्हणाली. "आणि दार लावून घ्या. गारठा येतोय."

त्या संध्याकाळी रिळाचा शेवटचा खेळ होता. रांग जवळजवळ संपली तेव्हा लेनोरा खिडकीपाशी आली, चर्चला जायचा कोट घालून.

"एक."

"अगं, तशीच जा आत," व्हर्ना म्हणाली.

"तिकीट दे. फुकट पाहायला मी भिकारी नाही."

व्हर्नाने तिकीट दिलं. लेनोरा मागच्या रांगेत बसली. रीळ आलं, पोरगा पाव खाऊन हसला. लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले आणि त्या सगळ्यांत ती एकटी गप्प होती. मुख्य चित्रपट सुरू होताच ती उठून बाहेर आली. खिडकीपाशी थांबली, पण व्हर्नाकडे पाहिलं नाही.

"डिसेंबरात त्याला पोटभर मिळत होतं," ती म्हणाली. "एवढं तरी कळलं."

व्हर्नाने टीगकडून मागून घेतलेला, एल्डन हसतो तिथला फिल्मचा बोटभर तुकडा गल्ल्यावरून पुढे सरकवला. टीगने त्या दुपारीच कापून ठेवला होता. लेनोराने तो दिव्यासमोर धरला, पुष्कळ वेळ धरला, आणि चष्म्याच्या घरात ठेवला.

रविवारी चर्चमध्ये ती बसूनच राहिली. दुपारी मात्र घरोघर फिरली, हातात टोपली घेऊन. प्रत्येकाची साखर ज्याच्या त्याच्या भांड्यात होती. दारात उभी राहून एकच वाक्य बोलायची, "रीळ जुनं होतं." बायका म्हणत, राहू दे, ठेव गं. ती ठेवत नसे. माझी वाटीही आली. संध्याकाळपर्यंत गावाला ओबरहोल्टच्या रिळांचं वय कळलं होतं.

ओबरहोल्टने व्हर्नाला काढलं नाही. तेवढ्या पगारात अनवाणी बसणारी दुसरी बाई त्याला मिळाली नसती. गुरुवारी तो स्वतः दाराशी उभा राहून कोणी येतंय का पाहत होता. गर्दी नेहमीइतकीच होती.

"कधीचं आहे आज?" ग्रूबने खिडकीत विचारलं.

"जानेवारीचं."

"बरं आहे. माझा नातू जानेवारीत बरा होता."

त्यानंतर सगळेच विचारू लागले, आणि व्हर्ना पट्टीवरची तारीख सांगू लागली. तारीख ऐकून काही जण परत जायचे, काही जण तिकीट काढायचे.

लेनोरा व्हर्नाशी बोलत नव्हती. जून महिन्यात तिच्या घरी दुसरी तार आली. कोणाच्या घरी आली हे रस्त्याला लगेच कळायचं, कारण तारवाला पोचेपर्यंत प्रत्येक घराचा पडदा हललेला असायचा.

दोन-चार दिवसांनी संध्याकाळी मी अंगणात होतो. लेनोरा झेंडा आणि सोनेरी कापडाचा तुकडा घेऊन माझ्या अंगणातूनच पलीकडे गेली. व्हर्ना कारखान्यातून येऊन पायरीवर बसली होती, बूट काढून.

"मला सुईत दोरा ओवता येत नाही," लेनोरा म्हणाली. "डोळे नीट चालत नाहीत."

व्हर्नाने हात पुढे केला. सोनेरी तारा निळ्यापेक्षा किंचित लहान कापायचा असतो, म्हणजे भोवती निळी कड राहते.

"कड सारखी ठेव," लेनोरा तिच्या शेजारी बसत म्हणाली. "तुझं सगळं नेमकं असतं."

"लिरिकला जायचंय मला."

"मग भरभर शिव."

व्हर्नाने भरभर शिवलं नाही. त्या दिवशी लिरिकची खिडकी उशिरा उघडली. ओबरहोल्टने स्वतः थोडी तिकिटं विकली आणि सुट्ट्या पैशांत दोन लाल टिकल्या घेऊन बसला. व्हर्ना आली तेव्हा तिने त्या बाजूला काढल्या, बूट काढले आणि पुढच्या माणसाला तारीख सांगितली.