एकच नग

"मामी, आत्तम्मा उठून नाही राह्यल्या." सकाळी चहा ठेवला होता तेवढ्यात स्वरूपाचा फोन आला आणि ती एवढंच बोलली. स्वरूपा म्हणजे माझ्या नणंदेची सून. माहेर बेल्लमपल्लीचं, घरची भाषा तेलुगू, म्हणून सासू तिची 'आत्तम्मा'. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीतलं 'पाणी' आणि 'जेवण' सोडून काही येत नव्हतं. बाकीचं सगळं सासूनंच शिकवलं, म्हणून ती अगदी सासूसारखीच बोलते. मी म्हणलं, हलवून पाह्य. ती म्हणाली, पाह्यलं मामी, हलवून... मी गॅस बंद केला आणि आदिलाबादहून आम्ही दोघं नवराबायको मिळेल त्या जीपनं गुडीहत्नूरला निघालो. घर दिसलं तेव्हा हे म्हणाले, "लय नग होती आमची बाई." आणि रडायला लागले.

सिंधुबाई ह्यांची थोरली बहीण. तिला समोर मी 'तुमी' म्हणायची आणि माघारी 'ती'. आता माघारीच बोलायचं आहे, तर 'ती'च म्हणते. हायवेला लागून तिचं किराणा दुकान. तिचे यजमान, आमचे जावईबापू, लवकर गेले, तेव्हापासून दुकान तिच्याच अंगावर. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. आणि छंद कसला, तर खडे बसवायचा! लोकांच्या घरी पापड-लोणची होतात, बाईच्या घरी चांदीच्या पट्ट्या, लाखेच्या कांड्या, फुंकणी आणि चिमटे. मी नवी नवरी म्हणून पहिल्यांदा तिच्याकडे राहायला गेले, तर फोडणीसाठी मसाल्याचा डबा उघडला. मोहरीच्या वाटीत काळे मणी, हळदीच्या वाटीत पिवळे खडे, तिखटाच्या वाटीत लाल. तेल इकडं धूर सोडायला लागलं आणि मी डबा हातात धरून उभी. बाई मागून म्हणाली, "अवं, मोहरी खालच्या फळीवर हाय. ह्याची फोडणी नाही होत." तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

हे खूळ कुठून आलं, तर तिच्या नाकातल्या लवंगेचा खडा एकदा पडला. सोनाराकडे तो बसवून घेताना ती जी बघत बसली, ती आठवडाभर रोज दुपारी जाऊन बसायला लागली. सोनार कंटाळून म्हणाला असेल, घ्या बाई, तुम्हीच करून पाहा. तिनं मनावर घेतलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तराजू बाजूला सरकवून तिचं काम चालायचं. खडे कुठले? आमच्या काळ्या रानात नांगराच्या तासात गारगोट्या निघतात, त्यांत एखादा अकीक सापडतो. काही ती आदिलाबादच्या बाजारात हिंदी बोलणाऱ्या एका फिरत्या व्यापाऱ्याकडून घ्यायची. तो खड्याला 'नग' म्हणायचा, म्हणून बाईही 'नग'च म्हणायला लागली. तिची एक पद्धत होती. खडा ती फक्त घासून गुळगुळीत करायची, कोंदणासाठी त्याला कधी कापायची नाही. तो वेडावाकडा असला तर कोंदणही वेडंवाकडं. तिनं केलेली माझी कानातली म्हणून तर एकमेकींची सख्खी काय, चुलत बहीणसुद्धा दिसत नाहीत. काम झालं की ती दागिना कानाशी धरून हलवायची. आतून किंचित खुळखुळ आली तर खडा सैल. "बोलून राह्यला," म्हणायची आणि पुन्हा कड दाबत बसायची. "नाही बोलत" म्हणाली की काम झालं. विकलं तिनं कधीच काही नाही. तराजूच्या काट्यालासुद्धा एकदा हिरवा खडा बसवला होता. वजनमापं तपासायला आलेल्या साहेबानं तो काढायला लावला, तर महिनाभर त्याच्या नावानं बोटं मोडत होती.

तर सांगायची गोष्ट महेशच्या लग्नाची. महेश तिचा एकुलता एक मुलगा, बेल्लमपल्लीत मोटारी दुरुस्त करायचा. तिथल्या खाणकामगारांच्या क्वार्टरातली स्वरूपा त्याला आवडली, तिलाही तो. मुलीला वडील नव्हते, मामानं वाढवलेली. मामाचं नाव राजय्या, खाणीतून निवृत्त झालेला, उंच, आवाज घुमणारा. त्याच्या मनातून हे लग्न नव्हतंच. मुलगा मराठी, आपलं राज्य नुकतंच वेगळं झालेलं, त्यात जिल्ह्याचेही तुकडे होणार अशी हवा. उद्या ही माणसं पोरीला घेऊन महाराष्ट्रात निघून गेली तर? एवढंच त्याच्या डोक्यात. पण भाचीपुढं त्याचं चाललं नाही. बोलणी करायला बाई एकटीच गेली होती. हुंडापांडा काही नाही, तो म्हणाला, "पिल्लकु ओक्क नग पेट्टंडी, चालु." मुलीला एक नग घाला, पुरे. बाईचं तेलुगू भाजीबाजारापुरतं. पण हे वाक्य तिला कळलं, आणि कळल्याचा केवढा आनंद! घरी येऊन मला फोन. "कुसुम, लय चांगले लोक हायत वं. सोनं नको, नाणं नको, एक नग मांगतला फक्त. महेशनंच सांगतलं असन त्याइले माह्या हाताचं."

मग त्या एका नगासाठी तिनं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं, कारण सोबतीला मलाच नेलं होतं. घरात एवढे खडे, पण सुनेसाठी त्यातला एकही पसंत नाही. बेज्जूरला तिची एक मैत्रीण होती. तिच्याकडे जाऊन मुक्काम केला आणि प्राणहितेच्या काठावर उन्हात आम्ही दोघी वाकून वाकून गोटे पाहत फिरलो. माझी कंबर मोडली. मी म्हणलं, बाई, हे काय पोरखेळ लावले तुमी, बाजारातून घ्या ना चांगला. ती म्हणाली, बाजारातला सगळ्याइच्याच सुनेजवळ असते. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या कडेला एक तांबूस गोटा सापडला. ओला करून उन्हात धरला तर आतून पिकल्या बोरासारखा उजळला. बाई तिथंच वाळूत बसली आणि हसत सुटली. पुढं कितीतरी दिवस दुकानात बसून तो घासत होती. कोंदण मात्र केलं नाही. अंगठी की पदक ते पोरीला विचारून करू, असा तिचा विचार.

साखरपुड्याला आम्ही पाच-सहा माणसं बेल्लमपल्लीला गेलो. क्वार्टरच्या अंगणात मांडव, ताटं मांडलेली, बायका नटून बसलेल्या. मुलीची ओटी भरून झाली आणि राजय्या म्हणाला, नग आणा. बाईनं पदराखालून कापसात गुंडाळलेला तो खडा काढला आणि मोठ्या कौतुकानं स्वरूपाच्या तळहातावर ठेवला. सगळे पाहतच राहिले. मग राजय्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, "रायि?" म्हणजे दगड. तेलुगूत नग म्हणजे दागिना, हे आमच्यापैकी एकट्या महेशला ठाऊक होतं आणि बिचाऱ्याला वाटलं होतं की आईनं दागिनाच केला आहे. राजय्या उठून उभा राहिला. ह्यांच्याकडे वळून हिंदीत म्हणाला, आम्ही दागिना मागितला, तुम्ही दगड देता, आमच्या पोरीची हीच किंमत का? हे लोक इथले नाहीतच, उद्या पोरीला घेऊन जातील तिकडं. ताटं उचलायला लागले हो! स्वरूपा मूठ घट्ट मिटून खाली मान घालून बसली होती. महेशचा चेहरा पाहवत नव्हता. बाईला भांडायला एरवी कारण लागत नसे, पण त्या दिवशी ती भांडली नाही. तिला आपली चूक कळली होती आणि ती लालबुंद झाली होती. ह्यांना म्हणाली, "त्याइले सांग, आमी कुठून आलो नाही अन् कुठं जात बी नाही. अन् दिवेलागणीपर्यंत थांबा म्हणा. नग आणतो."

राजय्या थांबायला कसा तयार झाला, मला आजही कळलेलं नाही. बहुतेक भाचीनं मूठ उघडली नाही म्हणून. बाई तो खडा तिच्याकडून मागून घेऊन निघाली आणि मागोमाग मी. बाजारात एका म्हाताऱ्या तेलुगू सोनाराचं लहानसं दुकान होतं. बाईनं खाणाखुणांनी आणि मोडक्या तेलुगूत घडलेलं सांगितलं. नग... रायि... नग... म्हातारा एवढा हसला की त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं. मग तो सरकला आणि आपली बैठक त्यानं बाईला दिली. चांदी? बाईनं कमरेचा किल्ल्यांचा छल्ला काढला. सासूनं घराच्या किल्ल्या हाती देताना दिलेला, रुंद पानाचा, जुना. मी म्हणलं, बाई, हा नको. तर म्हणाली, "मंग हा कोणाले देऊ वं? तिलेच तं द्याचा हाय." किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या आणि कात्री चालवली. पानाचा तळ झाला, कडेची पट्टी खड्याभोवती फिरली, छल्ल्याच्या कडीची पदकाला कडी झाली. म्हातारा जोडाला टाका लावायला फुंकणी देत होता, विस्तव सारत होता, मध्येच मान डोलावत होता. एकमेकांची भाषा धड येत नसलेली ती दोघं काम करताना एकदाही अडली नाहीत. त्या दुपारी मी बाईकडे पाहत होते आणि मला वाटत होतं, आपल्याला ही नणंद मिळाली म्हणजे आपलं नशीब बरंच चांगलं आहे.

दिवे लागायच्या आत आम्ही परतलो. बाई सरळ राजय्याकडे गेली. पदक त्याच्या हातात न देता त्याच्या कानाशी धरलं आणि हलवलं. तो दचकला. तिनं पुन्हा हलवलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "आइका. नाही बोलत." त्याला काही कळलं नाही. मग महेशनं तेलुगूत सांगितलं, खडा पक्का बसला की आवाज येत नाही. राजय्यानं पदक घेतलं, स्वतः कानाशी नेऊन हलवलं, बराच वेळ ऐकत राहिला. मग त्यानं ते भाचीच्या गळ्यात घातलं आणि आतल्या बायांना ताटं आणायला सांगितलं.

लग्न दिवाळीनंतरचं धरलं. तेवढ्यात दसऱ्याला जिल्ह्याचे तुकडे झाले. साखरपुडा झाला तेव्हा बेल्लमपल्ली आदिलाबाद जिल्ह्यात होतं, लग्नाला गेलो तेव्हा दुसऱ्याच जिल्ह्यात. पत्रिका आधीच छापलेल्या, त्यावर जुनाच जिल्हा. बाई म्हणाली, राहू द्या, वऱ्हाड काही चुकत नाही. राजय्याला मात्र तिनं नंतर सोडलं नाही. भेटला की म्हणायची, पाह्या मामा, पोरगी आमी कुठं नाही नेली, तुमचा जिल्हाच पळाला. त्याला मराठी येत नव्हतं, पण एवढं वाक्य ऐकून ऐकून तो पाठ करून बसला आणि हसायचा. मराठीत 'नग' कुणाला म्हणतात तेही तिनंच त्याला शिकवलं. मग दोघं एकमेकांना तेच म्हणायचे. दर सणाला तो आला की पहिलं काम म्हणजे स्वरूपाच्या गळ्यातलं पदक कानाशी धरून हलवणं. बाई घरातून ओरडून विचारायची, "बोलते का?" तो 'नाही' म्हणून मान हलवायचा. चहा त्यानंतर.

आणि किल्ल्या? छल्ला गेल्यावर त्या तिनं लाल नाडीत ओवल्या आणि त्या नाडीतच राहिल्या. महेशनं नवा छल्ला आणला तर आल्या पावली परत करायला लावला. सुरुवातीला सून तेलुगूत विचारायची, सासू मराठीत उत्तर द्यायची आणि दुकान छान चालायचं. दुपारी दोघी तराजू सरकवून बसायच्या. मला कधी त्यांचा हेवासुद्धा वाटायचा, खरं सांगते. शेवटी शेवटी बाईला बारीक दिसेना, तेव्हा कड दाबायचं काम स्वरूपा करायची आणि कानाशी धरायचं काम बाई करायची. गेली त्याच्या आदल्या दिवशीही दोघी तेच करत बसल्या होत्या, असं महेश म्हणाला. झोपेत गेली. दुखणं नाही, खुपणं नाही.

तेराव्याला राजय्या आला. काठी टेकत, आता फार थकला आहे. ओट्यावर बसला, पाणी प्यायला. मग त्यानं स्वरूपाला जवळ बोलावलं आणि हात पुढं केला. तिनं गळ्यातलं पदक काढून दिलं. त्यानं ते कानाशी धरून हलवलं. सवयीनं तो घराच्या दाराकडे पाहत थांबला, आतून विचारणा होईल म्हणून. आम्हीही सगळे तिकडंच पाहत होतो. मग म्हातारा हळूच, मराठीत म्हणाला, "नाही बोलत."

स्वरूपानं पदक परत गळ्यात घातलं. डोळे पुसले, खुंटीवरच्या लाल नाडीतल्या किल्ल्या घेतल्या आणि मामासाठी चहापत्ती काढायला दुकान उघडलं.