व्यायामाच्या बाई आणि हवालदाराची पाठ

चारुलता लिमये १९७२ साली आमच्या सांगलीच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू झाली, तेव्हा तो शब्द कुणाच्याच तोंडात बसेना. पेशंट तिला सरळ ‘व्यायामाच्या बाई’ म्हणू लागले. मी, गोदावरी, तिच्या हाताखाली मदतनीस होते. माझ्याहून ती चारच वर्षांनी मोठी, पण तशी बाई मी तोवर पाहिली नव्हती. वडील विष्णुपंत शाळामास्तर, घर सोवळ्याओवळ्याचं. आणि ही कृष्णा पोहून पलीकडच्या काठाला जाऊन यायची. एका डॉक्टरांची जुनी लॅम्ब्रेटा स्कूटर तिनं घेतली होती. पदर खोचून ती तिच्यावरून खेडोपाडी हिंडायची. कुठं कोण हाड बसवतो, कुणाच्या लेपानं सूज उतरते, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला.

“आपण गुडघा तपासतो आणि माणसाला तसाच घरी पाठवतो,” ती म्हणायची. “तो झोपतो का, जेवतो का, कशाला घाबरतो, कोण विचारतं गं?”

कडेगावजवळच्या एका वाडीत बिराप्पा नावाचा म्हातारा धनगर हाडं बसवायचा, मालीश करायचा. दोन वर्षं दर रविवारी ती त्याच्याकडे गेली. पहिले सहा महिने त्यानं तिला नुसतं शेजारी बसवून ठेवलं. ही बसली. मग हळूहळू त्याचा हात तिच्या हातात उतरला. योगासनं ती आधीच शिकली होती. १९७६ मध्ये तिनं नोकरी सोडली आणि साताऱ्यात दोन खोल्या घेऊन ‘सर्वांग उपचार’ अशी पाटी लावली. मालीश, वाफ, आसनं, पथ्याचं जेवण. वर्षभरात बाहेरच्या ओट्यावर बसायला जागा उरेना. आखडलेले खांदे मोकळे होत, वर्षानुवर्षांची डोकेदुखी थांबे. हे मी पाहिलंय, खोटं कशाला बोलू?

पण लोक पाया पडू लागले आणि तिच्या बोलण्यात एक धार आली. एक्स-रेला खेडोपाडी सगळे फोटो म्हणत. ती हसून म्हणायची, “फोटोत हाडं दिसतात, माणूस दिसत नाही.”

सत्याहत्तरच्या दिवाळीनंतर मी सुट्टी काढून तिच्याकडे गेले होते. त्याच आठवड्यात औंधजवळच्या गावातून लालासाहेब आला. पलटणीतून पेन्शनीवर आलेला हवालदार, वय चाळीसच्या आत, अंगानं वाळलेला. बरोबर बायको राहीबाई.

“बिराप्पाकडं जाऊन आलो, बाई,” तो म्हणाला. “त्यो हात लावाय तयार न्हाई. म्हनला, मणका वर आलाय, सांजचा ताप येतोय, आदी मिरजंला जाऊन फोटो काढा. पर तुमी त्येच्या हाताखाली शिकलाय, म्हून म्हनलं तुमाकडं येऊन बघावं.”

चारुलतानं त्याच्या पाठीवरून बोटं फिरवली. एका ठिकाणी ती थांबली, ते मला दिसलं. मग म्हणाली, “बिराप्पांचं आता वय झालं. पाठ आखडलीय तुमची. दहा दिवसांत मोकळी करते.”

तिला तेव्हा काय वाटलं, ते तिनं मला पुढं सांगितलं. गुरूनं सोडलेला रोगी आपण बरा करू, एवढंच तिच्या मनात होतं.

सहा दिवस तिनं ती पाठ दाबली, ताणली, वाकवली. सातव्या दिवशी सकाळी लालासाहेबाला उठता येईना. कमरेखाली पाय नव्हतेच जणू. कुणाची तरी जीप मिळवून आम्ही त्याला सांगलीला, आमच्याच दवाखान्यात नेलं. मोठ्या डॉक्टरांनी फोटो पाहिला. मणक्याला क्षय झाला होता. पोखरलेल्या मणक्यावर जोर पडून आतली नस दबली होती.

डॉक्टर खाटेशी आले. चारुलताला त्यांनीच कामाला लावलं होतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, “ताप येतो का, विचारलं होतंस?”

“विचारलं होतं,” ती म्हणाली. “नाही म्हणाले.”

मी तिथंच उभी होते. माझी मान खाली गेली, पण तोंड उघडलं नाही. खाटेवर पडलेल्या लालासाहेबानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

“व्हय,” तो म्हणाला. “मीच न्हाई म्हनलो. चूक माजी हाय, साहेब.”

चारुलता तशीच व्हरांड्यात गेली आणि भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. त्याचे पाय गेले होते, आणि तरी तिची अब्रू त्यानंच झाकली होती.

आठ दिवस ती घराबाहेर पडली नाही. नवव्या दिवशी आली ती थेट डॉक्टरांना घेऊन वॉर्डात. ऑपरेशन झालं होतं. लालासाहेब कुशीवर पडून होता, राहीबाई त्याला भरवत होती.

“मी खोटं बोलले,” चारुलता सगळ्यांसमोर म्हणाली. “तापाचं ह्यांनी स्वतःहून सांगितलं होतं. मणका माझ्याही हाताला लागला होता. तरी मी केलं.”

राहीबाईनं हातातली वाटी खाली ठेवली.

“आवं बाई, आमी अडानी. आमाला न्हाई कळलं,” ती म्हणाली. “तुमी लय शिकल्याल्या. त्या म्हाताऱ्या धनगराला कळलं, मग तुमाला कळाय नगं?”

लालासाहेब “आगं, ऱ्हाऊ दे” म्हणाला. पण राहीबाईनं तोंड फिरवलं, ते कायमचं.

साताऱ्याची पाटी उतरली. डॉक्टरांनी चारुलताला पुन्हा खात्यात घेतलं, पण मालीश करायला बंदी घातली. पाच महिने ती रोज लालासाहेबाचे पाय हलवत राहिली. आधी अंगठा हलला, मग घोटा. ती मोजकंच बोलायची. राहीबाई त्या वेळी मुद्दाम उठून बाहेर जायची.

मधल्या काळात चारुलता बिराप्पाकडे जाऊन आली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “जगला न्हवं?” एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, ती म्हणाली.

मी गप्प राहिले होते, त्याबद्दल ती मला कधी बोलली नाही. मीही विषय काढला नाही. आजही त्या दिवसाची आठवण आली की माझ्या कानाच्या पाळ्या तापतात.

लालासाहेब काठी टेकत घरी गेला. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात तो तपासणीला आला, तेव्हा मी चारुलताला हाक मारली. ती सामानाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तो बराच वेळ बाकावर बसला. शेवटी उठताना मला म्हणाला, “बाईस्नी सांगा, डोंगरावरल्या यमाईच्या निम्म्या पायऱ्या चढलो.”

तो गेल्यावर मी दार ठोठावलं आणि निरोप सांगितला.

“राहीबाई आल्या होत्या?” तिनं आतूनच विचारलं.

“आल्या होत्या. फाटकापाशी उभ्या होत्या.”

मग तिनं कडी काढली आणि पुढच्या पेशंटला बोलवायला सांगितलं.