वटवट्यांचा खण

“चिठ्ठी नसलेला पक्षी म्हणजे नुसतं मढं,” असं कापूसकाका प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगत. पोरं हसत. काका हसत नसत.

कॉलेजच्या निसर्गसंग्रहालयात त्यांची चौतीस वर्षं गेली. काचेवर आपटून मेलेले, मांजराच्या तोंडातून सोडवलेले पक्षी त्यांच्या टेबलावर येत. पोटाला चीर देऊन कातडं मोज्यासारखं उलटं काढायचं, कीड लागू नये म्हणून आतून टाकणखार चोळायचा, कापूस भरायचा, शिवायचं. मग पायाला चिठ्ठी: कुठे सापडला, कधी, नर की मादी. वटवट्यासारख्या चिमुकल्या पक्ष्यात नर-मादी वरून ओळखूच येत नाहीत. पोट उघडल्यावर कळतं, आणि एकदा शिवलं की चिठ्ठी म्हणेल ते खरं.

“माझ्या सवती सगळ्या कपाटात,” बायको म्हणायची, “आणि डांबरगोळ्यांचा वास मात्र माझ्या उशीला!” सून त्यांचे कपडे वेगळे भिजवायची.

आता संग्रहालयाची खोली कॉम्प्युटरच्या वर्गाला हवी होती. विभागप्रमुख बाईंनी हातापाया पडून वर्षभराची मुदत मिळवली होती. तेवढ्यात या संग्रहावर एखादं संशोधन छापून आलं तर खोली वाचणार, नाहीतर कपाटं भंगारात. ते संशोधन करत होती एकच मुलगी. चाळीस वर्षांत वटवट्यांचे पंख आखूड झाले का, हा तिचा प्रश्न. एका खणात दोनशे बारा वटवटे, त्या चाळीस वर्षांत जमलेले, शेवटचा पंचवीस वर्षांपूर्वीचा. ती रोज डबा घेऊन यायची, खण उपसायची, पंख मोजायची.

त्या दिवशी तिने तिसऱ्यांदा मोजून संपवलं.

“काका, माझे डोळे गेलेत बहुतेक.”

“चष्मा पुस आधी.”

“थट्टा नको हो. नराचा पंख मादीपेक्षा मोठा असतो, सगळीकडे असंच सापडलंय. इथे काही माद्या दांडग्या, काही नर किडमिडे. ना वर्षाचा मेळ, ना गावाचा. बाई म्हणतात, तुला मोजायची अक्कल नाही. उद्या त्या वर कळवणार आहेत, काम जमलं नाही म्हणून.”

काका सुईत दोरा ओवत होते. तो काही ओवला जाईना.

बावीस वर्षांपूर्वी तपासणीची समिती येणार होती. तेव्हाचे प्रमुख म्हणाले होते, चिठ्ठ्या कळकट दिसतात, नव्या करा. काकांचं अक्षर मोत्यासारखं. एकेक चिठ्ठी सोडून, लिहून, लगेच बांधायची, ही रीत त्यांनीच घालून दिलेली. पण दिवस दोनच होते. त्यांनी खणातल्या सगळ्या चिठ्ठ्या एकदम सोडल्या आणि प्रत्येक पक्ष्यासमोर त्याची नवी चिठ्ठी मांडली. मग कोणीतरी पंखा लावला. चिठ्ठ्या भुरुभुरु उडाल्या. सगळे वटवटेच तर आहेत, म्हणत त्यांनी हाताला येईल ती चिठ्ठी पुढच्या पायाला बांधली. समितीने अक्षराचं कौतुक केलं. जुन्या चिठ्ठ्या त्याच संध्याकाळी जाळल्या.

“तुझं मोजणं बरोबर आहे,” काका म्हणाले, आणि खाली मान घालून सगळं सांगितलं.

ती एकदम खुर्ची पुढे ओढून म्हणाली, “किती उडाल्या होत्या? कुठली ओळ? तेवढे वगळते मी. उरलेल्यांवर भागवू. आठवा ना, काका.”

काका आठवू लागले. खिडकीकडची ओळ असावी. की दाराकडची? त्यांना फक्त पंख्याचा आवाज आठवत होता आणि आपण गुडघ्यांवर बसलेलो.

“दहा असतील,” ते म्हणाले. “शंभरही असतील.”

“म्हणजे सगळेच गेले.”

“हो.”

“दोन वर्षं मी इथे बसतेय. रोज चहा पाजायचात. एकदाही आठवलं नाही?”

आठवलं होतं. तिने पहिल्यांदा खण उघडला त्याच दिवशी.

तिने त्यांच्या चेहऱ्यावर ते वाचलं असावं. वहीतली पानं फाडली नाहीत, रडलीही नाही. पंख मोजायची पट्टी तेवढी डबीत ठेवली. बाहेरून बाईंच्या चपलांचा आवाज जवळ येत होता. काकांनी सुई टेबलावर ठेवली, मागच्या दाराची कडी काढली आणि बाहेर पडले.