आधी हात खिशात

हात खिशात घालून उभा राहिलेला माणूस दिसला की आपण त्याला कामचुकार समजतो. आमच्या वायरमन मामांना गावोगावचे लोक तसंच समजायचे. लाईट गेलेली, विहिरींवरच्या मोटारी बंद, उन्हात पंधरा-वीस माणसं डीपीच्या ट्रान्सफॉर्मरभोवती जमलेली, आणि हे गृहस्थ फटफटीवरून उतरून दोन्ही हात पँटच्या खिशात घालून वर तारांकडे बघत उभे. कुणीतरी वैतागून म्हणायचं, "आवं वायरमन, ढगं बघताय व्हय?" मामा मान न वळवता म्हणायचे, "आधी हात खिशात. मग डोळं. मग हात."

अंगानं किरकोळ, मिशी पांढरी, शर्टाची वरची गुंडी कायम तुटलेली. डाव्या हाताची दोन बोटं आत वळलेली होती. तरुणपणी तारेनं धरलं होतं म्हणे. त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. घरातसुद्धा मामी "आमचं वायरमन" असंच म्हणायच्या. तुमच्याही भागात असा एखादा माणूस असेल, ज्याचं नाव त्याच्या कामानं गिळून टाकलेलं असतं.

मी आज मेढ्याच्या बाजूला डोंगरात लाईनवर काम करतो. माझ्या खिशात खरं ओळखपत्र आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण सतराव्या वर्षी माझ्या खिशात खोटं होतं.

आमचं घर आटपाडीकडचं, मेंढरांचं. आई-वडील वर्षातले सात-आठ महिने मेंढरं घेऊन नदीकाठच्या मुलखात चारायला असायचे. मला त्यांनी लाईटीचं शिकायला आयटीआयला घातलं होतं. पहिल्याच चाचणीत मी नापास झालो, लाजेनं जायचं बंद केलं आणि ते कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या मुलखातल्या माळावर फिरणाऱ्या बापाला कोण कळवणार? खोलीचं भाडं थकलं, तसा मी वडूजच्या बाजूला पायीच भटकायला लागलो.

खोटेपणाची सुरुवात मी ठरवून केली नाही. एका वस्तीवर पाणी मागायला थांबलो. शर्टाच्या खिशाला टेस्टर लावलेला होता. दारातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "लाईट हापिसातनं आलाय व्हय?" मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावता लावता "व्हय" म्हणालो. लगेच बाज टाकली गेली, चहा आला, निघताना पिशवीत शेंगा पडल्या. सकाळपासून मी उपाशी होतो. एका "व्हय"नं एवढं मिळतं म्हटल्यावर मी दुसऱ्या वस्तीवर कुणी विचारायची वाट बघितली नाही.

पुढं खाकी शर्ट घेतला, पाठीला पिशवी, हातात पक्कड. झेरॉक्सच्या दुकानात एक ओळखपत्र छापून घेतलं. मिशी फुटायच्या आत मी साहेब झालो. मीटर उघडून "पळतोय जरा" असं गंभीरपणे म्हणायचो. ज्यांच्याकडं लाईटच नव्हती त्यांचे अर्ज भरून घ्यायचो आणि वर खर्चाचे म्हणून पैसे घ्यायचो. कागद एका फायलीत ठेवायचो. फाईल जाड झाली की साहेबाला वजन येतं, हे मला चांगलं कळलं होतं. काम करायची वेळ आली की "लाईन बंद ठेवायचं परमिट लागतंय" एवढं म्हटलं की सुटका व्हायची.

माळावरच्या एका घरात एक म्हातारी एकटीच राहायची. तिला मी सांगितलं होतं, "आजी, दिवाळीच्या आत लाईट येती." तिनं शिधापत्रिकेची झेरॉक्स दिली, फोटो दिला, आणि पदराच्या गाठीतलं होतं नव्हतं ते दिलं. मी ते घेतलं. मला तेव्हा वाईट वाटलं असं आज लिहिता आलं असतं, पण वाटलं नव्हतं. तिच्या चुलीवरच्या पिठल्याची चव तेवढी लक्षात राहिली होती.

एका दुपारी एका वस्तीवर अडकलो. डीपी बंद पडली होती, दोन दिवस पिकाला पाणी नव्हतं. लोकांनी मला पोटभर जेवू घातलं आणि वरातीसारखं डीपीपाशी नेलं. परमिटची सबब निघाली तेव्हा एक दांडगा गडी म्हणाला, "परमिट कशाला? लाईटच न्हाई तर धरंल काय?" सगळ्यांच्या घरातले बल्ब बंद होते. मलाही ते पटलं. मी फ्यूजची पेटी उघडली, पक्कड पुढं केली.

"सायेब, आधी हात खिशात घाला."

मागून आलेला आवाज इतका शांत होता की मी खरंच हात खिशात घातले. फटफटीवरून उतरलेला एक किरकोळ माणूस घोळक्यातून पुढं आला. लोक म्हणाले, "ह्ये बघा, वायरमन बी आलं." तो माझ्या शेजारी उभा राहिला, वर बघितलं, माझ्याकडं बघितलं, छातीवरच्या कार्डाकडं बघितलं. मला कळलं की ह्याला सगळं कळलं.

मग तो लोकांकडं वळून म्हणाला, "आमचं नवीन सायेब हाईत. सायबानं बघायचं, हात म्या लावायचा."

माझ्याच खिशातला टेस्टर काढून त्यांनी पेटीतल्या एकेका जागी टेकवला. पहिल्या जागी काही नाही. दुसऱ्या जागी तो लखकन पेटला. तिसऱ्याही जागी पेटला. हलक्या आवाजात, मला एकट्याला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "एक मेलीया, तिच्यावरच सगळी घरं हाईत. दोन जित्या हाईत." माझी पक्कड त्या जित्या जागेपासून वीतभर अंतरावर होती. पुढं त्यांनी लाईन बंद कशी घेतली, फ्यूज कसा बांधला, मला आठवत नाही. मी डीपीच्या खांबाला टेकलो नाही एवढंच आठवतं. जमिनीवर बसायचीसुद्धा मला भीती वाटत होती.

त्यांनी मला फटफटीवर मागं बसवलं. वस्ती नजरेआड झाल्यावर एका लिंबाखाली थांबले. आता मारणार असं वाटून मी डोळे मिटले. त्यांनी कार्ड मागितलं, लांब धरून बघितलं.

"फोटू झ्याक आलाय," म्हणाले. मग विचारलं, "जेवलायस?"

मी हो म्हटलं आणि रडायला लागलो. ते थांबवायला गेले नाहीत. तंबाखू मळत बसले. माझं आवरल्यावर विचारलं, आजवर किती दारांत गेलो होतो. मी सांगत गेलो. फाईल त्यांनी मांडीवर घेऊन एकेक कागद बघितला. म्हातारीच्या अर्जाशी थांबले.

"हिला काय सांगितलंस?"

"दिवाळीच्या आत लाईट येती म्हणून."

"मग द्याय पायजे की रं गड्या," ते म्हणाले. "म्हातारी वाट बघत आसंल."

लोकांसमोर मला साहेब का म्हणालात, असं मी कितीतरी दिवसांनी त्यांना विचारलं. ते म्हणाले, दोन दिवस पाणी नसलेली माणसं होती ती, त्यांच्यासमोर खरं बोललो असतो तर तुला तिथनं उचलूनच न्यावं लागलं असतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला त्या सगळ्या दारांत नेलं. अट एकच. ते अंगणात उभे राहणार, बोलायचं मी. "मी साहेब नाही, मी खोटं बोललो," हे वाक्य पहिल्या दारात माझ्या तोंडून निघायला चहा गार होईपर्यंत वेळ लागला. एका घरी मला कानफटात बसली. एका घरी बाई हसायला लागली आणि हसू थांबेना. जे घेतलं होतं ते खर्चून बसलो होतो, म्हणून कुठं खुरपणीला, कुठं शेणखत ओढायला थांबायचं कबूल केलं आणि ते केलं.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग माजा फोटू कुठाय?"

मी फायलीतून काढून दिला. तिनं तो पदरानं पुसला. "ह्याच्यापायी दोन डाव वडूजला गेलते येष्टीनं. पयल्यांदा दुकान बंद हुतं," ती म्हणाली. शिव्या तिनं दिल्या नाहीत. त्या फोटोत तिनं डोईवरचा पदर नीट घेतलेला होता आणि कपाळ कोरडं होतं. मला पहिल्यांदा कळलं की मी एका माणसाकडून काय घेतलं होतं.

मामा अंगणातून आत आले. "आजी, फोटू परत द्या," म्हणाले. "आता खरा आर्ज भरू."

तो अर्ज त्यांनी स्वतः पुढं नेला. कितीदा ऑफिसात हेलपाटे घातले ते त्यांनाच माहीत. दिवाळी गेली, संक्रांत गेली. खांब आले तेव्हा ठेकेदाराच्या माणसांबरोबर खड्डे खणायला मला लावून दिलं. त्या माळाला हातभर खाली मुरूम आणि त्याखाली कातळ. पहिले दोन दिवस म्हातारी माझ्याशी बोलली नाही, फक्त भाकरी आणून दगडावर ठेवायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आय कुठं आस्ती तुजी?" मी सांगितलं, मेंढरांमागं. त्यानंतर भाकरीबरोबर कांदाही यायला लागला.

होळीच्या सुमाराला तिच्या घरात बल्ब लागला. मामांनी बटण तिला दाबायला लावलं. मला वाटलं ती आता काहीतरी बोलेल, हात जोडेल. तिनं चुलीमागच्या भिंतीकडं टक लावून बघितलं आणि म्हणाली, "भित किती काळी हाय गं बया. पोतेरं द्याय पायजे." मामा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

त्या उन्हाळ्यात ते माझ्याबरोबर माझ्या वडिलांना भेटायला आले. मेंढरांचा वाडा, म्हणजे त्यांचा तळ, नदीकाठी ऊस तुटून मोकळ्या झालेल्या एका रानात बसला होता. सगळं सांगावं लागणार म्हणून मी घाबरत गेलो आणि सांगितलं. वडील मेंढरांकडं बघत राहिले. मामा एवढंच म्हणाले की पोरगं नापास झालंय, वाया गेलेलं नाही. जूनमध्ये मी परत आयटीआयच्या बाकावर बसलो. शिकत असताना सुट्टीत मी त्यांच्यामागं फटफटीवर असायचो. खांबावर चढायला, पट्टा बांधायला, आणि लोक घाई करत असताना शांत उभं राहायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. शेवटचं शिकायला सगळ्यात जास्त दिवस लागले.

मधेच त्यांची बदली मेढ्याकडं झाली. निवृत्तीला चार वर्षं उरलेली, गुडघे दुखणारे, आणि जायचं कुठं तर डोंगरात. मी हळहळलो तर म्हणाले, "मीच मागून घेतली रं. हवा लय ग्वाड हाय तिकडं." मी ते खरं धरलं.

खूप वर्षांनी मला त्याच भागात नोकरी लागली. तिथल्या एका जुन्या माणसानं बोलता बोलता सांगितलं की ते वायरमन हौसेनं आले नव्हते. वडूजकडं कुणा तोतया साहेबाला त्यांनी लोकांसमोर आपला साहेब म्हणून ओळख दिली, त्याची तक्रार झाली, चौकशी लागली. तो तोतया कोण, हे शेवटपर्यंत त्यांनी सांगितलं नाही. म्हणून त्यांना इकडं टाकलं.

मी त्या रविवारी त्यांच्या गावी गेलो. निवृत्तीनंतर ते कृष्णाकाठच्या आपल्या गावी राहत होते. घरचा थोडा ऊस होता. मी विचारलं, "मामा, बदली मागून घेतली नव्हती न्हवं तुमी?"

"चा घे," ते म्हणाले. "गार हुतोय."

मी पुन्हा विचारलं. तेव्हा ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुजं नाव सांगितलं आसतं तर तुज्या त्या कार्डाची केस झाली आसती. मग तुला कुणी खांबावर चढू दिलं आसतं? माजं काय, चार वर्षं हुती." त्यानंतर त्यांनी उसाच्या पाण्याच्या पाळीचा विषय काढला आणि तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

आभार मानायचे राहून गेले. तसं म्हटलं तर मी दरवर्षी जायचो, त्यांच्या घराचं वायरिंग बदललं, मामींना मिक्सर नेऊन दिला. पण तोंडानं बोललो नाही. बोलायला लागलो की त्यांचा चहा गार व्हायला लागायचा.

गेल्या जूनमध्ये वळवानं आमच्या डोंगरात पंधरा-सोळा खांब आडवे केले. तीन दिवस आम्ही लाईनवर होतो, खाली फोनला रेंज नव्हती. चौथ्या दिवशी एका टेकाडावर चढल्यावर फोन वाजला. मामा दोन दिवसांपूर्वी गेले होते. झोपेतच. माझे सोबती म्हणाले, तू जा. मी वर बघितलं, खाली सहा वाड्या अंधारात होत्या. दोन दिवस आणखी राहिलो, लाईन चालू केली आणि मग गेलो.

मामी सोप्यात बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "उशीर झाला तुला." मी वाड्यांचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, आत जाऊन ताट वाढून आणलं. शेवटचे दिवस कसे गेले ते सांगत होत्या. त्रास काही नव्हता, जेवण तेवढं कमी झालं होतं.

मी जेवत असतानाच लाईट गेली. पंखा फिरत फिरत थांबला. मामी बोलायच्या थांबल्या आणि दाराकडं बघायला लागल्या. मलाही ते ठाऊक होतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्या गल्लीत लाईट गेली की लोक ऑफिसला फोन करत नसत, ह्या दारात यायचे.

चपलांचा आवाज आला. समोरच्या घरातली सून लगबगीनं उंबऱ्यापर्यंत आली. "वायरमन, आवं आमच्याकडं..." एवढं म्हणाली आणि तिथंच थांबली. तिचा हात चौकटीवर तसाच राहिला.

मामी म्हणाल्या, "ये गं, बस." ती आत आली, भिंतीला टेकून खाली बसली. मी हात धुतले. आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो.