मधलं पेडल

आमच्या सोसायटीत मला कोणी "वाजवू नका" असं कधीच म्हटलं नाही. पुण्यात तसं म्हणत नाहीत. "आपण वाजवता सुरेखच, फक्त…" असं म्हणतात, आणि त्या "फक्त"च्या पुढे माणसाचं आयुष्य अडकवून ठेवतात.

माझा पियानो भिंतीला टेकून ठेवायचा, उभा, जुना. कॅम्पातलं एक कुटुंब परदेशी निघालं तेव्हा वडिलांनी तो घेतला. कोथरूडच्या या फ्लॅटचं बांधकाम तेव्हा चालू होतं. बाल्कनीला गज बसायच्या आधी दोरखंडांनी ओढून त्याला तिसऱ्या मजल्यावर चढवलं. जिना इतका अरुंद की एकदा वर आलेला पियानो आता खाली जाणं शक्य नाही. म्हणून लग्नानंतर मी सासरी न जाता नवराच इथे राहायला आला. लोक त्याला घरजावई म्हणत; तो म्हणे, मी पियानोचा जावई.

शिकले कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या पारशी बाईंकडे. विलायती परीक्षा दिल्या आणि मग लोकांच्या मुलांना त्याच परीक्षांसाठी तयार करायला लागले. एकटीचे कार्यक्रमही केले, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असलेले. पण ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायचं राहून गेलं होतं. पियानोवाल्याला ते केल्याशिवाय आपण काही केलं असं वाटत नाही. निदान मला तरी वाटत नव्हतं. पस्तिशी उलटल्यावर मुंबईच्या एका ऑर्केस्ट्राचं बोलावणं आलं. पावसाळा संपताना कार्यक्रम. मी ओट्यापाशी उभी राहून रडले, आणि भात करपला.

आता सराव. सकाळी बसावं तर वरच्या मजल्यावरची मुलगी नुकतीच झोपलेली असायची. ती यवतमाळकडची, हिंजवडीच्या कंपनीत अमेरिकेच्या घड्याळाने काम करणारी. एक दिवस डोळे लाल झालेले, दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, राग नका मानू, पण झोपच नाही होऊन राहिली माझी. कामावर डुलक्या येतात, साहेब बोलून राहिले." पोर खरंच अर्धी झाली होती. दुपारी समोरच्या फ्लॅटमधले सोसायटीचे सेक्रेटरी झोपत. ते बँकेतून निवृत्त झालेले, आणि दुपारची झोप हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क. संध्याकाळी माझ्या शिकवण्या. नंतर खालच्या मजल्यावरच्या मुलाचा दहावीचा अभ्यास. सगळ्यांचं म्हणणं रास्त. भांडावं असं एकही माणूस सापडेना, त्यानेच माझ्या अंगाचा जास्त तिळपापड व्हायचा.

अशा उभ्या पियानोला मधे एक पेडल असतं. ते दाबून बाजूला अडकवलं की तारांच्या आणि हातोड्यांच्या मधे नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक पट्टी उतरते, आणि आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा होतो. बाई आम्हाला त्याला पाय लावू द्यायच्या नाहीत. मी लावला. नवरा सॉफ्टवेअरमधला, तो म्हणाला, "अगं, व्हॉल्यूमचं बटण होतंच की! आधी का नाही वापरलंस?"

सगळा पावसाळा मी तसं वाजवलं. सकाळी, भर दुपारी, केव्हाही. कोणाची तक्रार नाही. सेक्रेटरी जिन्यात नमस्कार करायला लागले. वरची मुलगी घरून आलेल्या तिळाच्या चटणीचा डबा देऊन गेली. मला मात्र गुदमरल्यासारखं व्हायचं. जोरकस जागा आली की मी आपोआप खांदे आखडून घ्यायची, श्वास धरायची. बोटं बिनचूक पडत होती, एकही सूर चुकत नव्हता, म्हणून मी स्वतःला समजावत राहिले की तयारी छान चालली आहे.

मुंबईत तालमीला भला मोठा ग्रँड पियानो होता, झाकण पूर्ण उघडलेला. मी वाजवायच्या रचनेची सुरुवातच पियानोच्या भरगच्च आघातांनी होते, आणि मागे सगळा ऑर्केस्ट्रा. मी पहिला आघात केला आणि दचकले. इतका मोठा आवाज! बाई गं, आता कोणीतरी येणार, असंच मनात आलं. ऑर्केस्ट्राचे संचालक परदेशी होते, मोठे सभ्य गृहस्थ. त्यांनी हात वर करून वादकांना थांबवलं आणि म्हणाले, पियानो ऐकू येत नाहीये, जरा मोकळेपणाने वाजवा. मी पुन्हा वाजवलं. मला तर वाटलं, छत खाली येईल. त्यांनी पुन्हा थांबवलं. मग विचारलं, आपली तब्येत बरी आहे ना?

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हातांचं सोडा, माझे कानच त्या पट्टीखाली मुरले होते. मला जो गडगडाट वाटत होता तो पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचत नव्हता. मग मी जीव खाऊन हाणायला लागले, तर सूर चुकायला लागले. जोर आणि नेम दोन्ही एकत्र येईनात. मागे व्हायोलिनवाली माणसं खाली बघत बसली होती. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला, पण तो कोणावर काढायचा तेच कळेना.

जेवणाच्या सुट्टीत आयोजक बाईंनी मला बाजूला घेतलं. मुंबईतल्याच एकांनी ही रचना पूर्वी वाजवली होती, माझ्याऐवजी त्यांना विचारलं होतं. "तुम्ही समजून घ्याल," त्या म्हणाल्या. समजून घेण्यात मी आता चांगलीच तयार झाले होते. त्याच दिवशी पुण्याला परत आले.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर निघताना म्हणाला, "आज वाजव हवं तसं. कोण काय बोलतं ते मी बघतो." मी ते मधलं पेडल सोडवलं. बरोबर दुपारच्या झोपेची वेळ गाठली. डोक्यात तिडीक होती. उठू देत सगळे, येऊ देत दारात, आज मलाही बोलायचं होतं. पहिल्या आघातापासून शेवटापर्यंत सगळी रचना वाजवली. हात भरून आले, घामाने पाठ भिजली. मग दाराकडे बघत बसले.

कोणीही आलं नाही.

संध्याकाळी भाजी घेऊन येताना जिन्यात सेक्रेटरी भेटले. नुकतेच उठल्यासारखे, ताजेतवाने. "आपण कार्यक्रमाहून परत आलात का?" त्यांनी विचारलं. "दिवसभर चाहूल नाही लागली. मला वाटलं, अजून मुंबईतच आहात."

मी म्हटलं, "कालच आले."